काटा बघणारी

नातवाची गाडी दुरुस्त होईपर्यंत आजी गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक. समोर त्यांची जुनी, गोल दिव्यांची गाडी बॉनेट उघडून उभी होती.

"बाबा, मेकॅनिक म्हणतो, ऑइलचं प्रेशर केव्हाचं पडलं होतं. अजून थोडी दामटली असती तर इंजिनच जाम झालं असतं."

"जुनी गाडी आहे. कुरकुरणारच."

"पण काटा खाली आलेला दिसला नाही तुम्हाला?"

"रस्त्याकडे बघू की काट्याकडे?"

"इतकी वर्षं दोन्हीकडे बघत होतात ना?"

"काटा तुझी आई बघायची. 'अहो, उतरतोय' म्हणाली, की मी गाडी बाजूला घ्यायचो."

"आणि आता?"

"आता... ते आकडे फार बारीक आहेत गं."

"समोरची ती पाटी वाचा बरं."

"कुठली पाटी?"

आजी उगाचच आपला चष्मा पुसत राहिल्या.

"मला सांगायचं तरी, बाबा."

"सांगितलं असतं तर गाडी विकायला लावली असतीस."

"किल्ली द्या इकडे."

"विकणार?"

"चालवणार. तुम्ही शेजारी बसा."

"तिच्या सीटवर? काटा नीट दिसावा म्हणून पार पुढे ओढून ठेवलीय तिनं. माझे गुडघे आपटतील."

"मग मागे सरकवते."

"नको. आपटू देत."