चुलीजवळची तालीम

भंडाऱ्याच्या स्टँडवर सिहोऱ्याच्या बसची लाईन लागली होती. पुढं उभ्या असलेल्या नवरा-बायकोचं बोलणं गोदावरीबाईंच्या कानावर येत होतं. नवऱ्याच्या कानामागं कालच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा रंग अजून तसाच होता.

"पयल्या तालमीत मी गळा काढून रडलो, त मास्तर म्हणे, ‘केवळराम, सुनेचं काम आहे तुयं, कोल्ह्याचं नाही.’"

"मंग कसं रडाचं हे मले कायले इचारलं?"

"दुसरं कोणाले इचारू? तूच त शिकवलं. फुंकणी घ्याची, चुलीकडं तोंड कराचं, आवाज नाही काढाचा. कोणी पायलं त धूर लागला म्हणाचं."

"काल नाटकात मांगच्या साऱ्या बाया पदर डोयाले लावून बसल्या होत्या."

"तुयामुळं जमलं, धुरपता."

"राहू द्या. पन सा वर्सांत तुमच्या मायनं कधी माहेरी जा म्हटलं नाही. आज सोताच पिशवी भरून देली, पंधरा दिवस राय म्हणे. लय उपकार झाले तुमचे. काय सांगितलं त्याईले?"

"काईच नाही. नाटक संपल्यावर माय आली. मी लुगड्यातच उभा होतो. माया गालावरून हात फिरवला अन् म्हणे, ‘केवळ्या, हे असं रडणं तू कोणाचं पायलं?’"