अभिप्रायाचा रकाना

नाही नाही, दुखत नाहीये, तुम्ही करा — पाय मागे घेतला तो आपला सवयीने. मधुमेहवाल्याला टाचेत दुखतं कुठे, दुखलं असतं तर इतकं चिघळलंच नसतं, हे मीच चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो आणि शेवटी माझ्याच टाचेला ते समजलं नाही. करा तुम्ही, जागृती सिस्टर. आणि तो तुमच्या बढतीचा फॉर्म — हो, आहे, विसरलो नाही मी. तुम्हाला वाटलं म्हातारा विसरला, वाटणारच, आठ दिवस झाले. इथेच आहे, या वहीत. मेट्रनबाई दुपारी बाराला सगळे गोळा करून पनवेलला पाठवणार, आजच शेवटचा दिवस, तेही ठाऊक आहे. लिहितो. तुमच्या हॉस्पिटलच्या ट्रस्टचा मानद सल्लागार म्हणून माझी सही लागते, एवढाच काय तो मान उरलाय, आणि ती द्यायला मी आठ दिवस घेतले. लेव्हल दोनवरून लेव्हल तीन, पनवेलच्या शाखेत आयसीयूचं प्रशिक्षण, वर्षभराने टीम लीडर — चांगलं आहे, फार चांगलं आहे. खाली फक्त अभिप्रायाचा रकाना कोरा आहे. चार ओळी. आणि माझा हात तिथेच अडतो, रोज सकाळी पेन काढतो आणि परत टोपण लावतो, आता तुम्ही म्हणाल, सर, काहीही चांगलं लिहा ना — तेच तर, चांगलं लिहायचीच भीती वाटते मला.

हसू नका. सांगतो, ड्रेसिंग होईपर्यंतच सांगतो. उपजिल्हा रुग्णालयात मी वैद्यकीय अधीक्षक होतो तेव्हा माझ्याकडे जनी चोगले म्हणून सिस्टर होत्या. जीवनाबंदरच्या कोळणीची पोर, वडील तुळशीराम, त्यांची स्वतःची होडी. त्या घरातून नर्सिंगला गेलेली ती पहिली. आणि हात असा, सिस्टर — विंचू चावलेलं पोर आलं की मी नाडी शोधेपर्यंत ती तळपायाला हात लावून मोकळी, ‘डाक्टर, पाय गार पडलं, गोळी काढू ना?’ — आणि गोळी तोवर तिच्या हातात असायचीच, विचारणं आपलं माझा मान ठेवायला. मी एम. डी., वर हौसेने मराठीचा एम. ए. केलेला, शब्द तोलूनमापून वापरणारा माणूस, बाकीचे डॉक्टर पत्रं तपासून घ्यायला माझ्याकडे यायचे. तर दर मार्चअखेर सगळ्यांचे गोपनीय अहवाल लिहावे लागत. तुमच्या लेव्हली आत्ताच्या, पण पायऱ्या तेव्हाही होत्या — स्टाफ नर्स, मग इन्चार्ज सिस्टर, मग सहायक मेट्रन, मेट्रन. वर चढायचं तर त्या अहवालावर. जनीच्या अहवालात मी पहिल्या वर्षी लिहिलं, ‘सध्याच्या पदावर अपरिहार्य.’ बस. मला वाटलं, याहून मोठी स्तुती मराठीत नाही. अजून वाटतं — नाही, आता नाही वाटत.

वरच्या ऑफिसात त्याचा अर्थ काय होतो ठाऊक आहे? हिला हलवू नका. मुळात त्या तीन शब्दांत दोनच कामाचे — ‘सध्याच्या पदावर’. ते वाचायचं आणि पुढच्या फायलीला हात घालायचा. तिच्यानंतर आलेल्या दोघी इन्चार्ज झाल्या, अलिबागला गेल्या, एक तर सहायक मेट्रन झाली. जनी आपली वॉर्डातच. मला काय माहीत, मी कुठे त्या कमिटीत होतो. आमचे हेड क्लार्क बाळाजी, त्यांनी नंतर सांगितलं, साहेब, त्या शब्दाने बाईचं नुकसान होतंय. नंतर म्हणजे — तिसऱ्या वर्षी असेल. दुसऱ्या असेल. पट्टी जरा घट्ट बांधा, सैल राहिली की सरकते.

पहिल्याच वर्षी सांगितलं. आता तुमच्यासमोर कशाला खोटं बोलू. अहवाल पाकिटात घालायच्या आधी बाळाजी टेबलाशी उभे राहिले, म्हणाले, साहेब, ‘पदोन्नतीस योग्य’ असं लिहिलंत तर बरं होईल. मी त्यांनाच सुनावलं, बाळाजी, मराठी मला शिकवता का? म्हातारे दुखावले असतील. मी पाकीट चिकटवलं. कारण आमची ही तेव्हा अंथरुणाला लागलेली होती. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. जनीची ड्यूटी सुटली की ती घरी जायच्या आधी आमच्या क्वार्टरवर यायची, मी बोलावलं नव्हतं, तिची तीच यायची, हिला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, केस विंचरायची, वर बंदरावरच्या बायकांची भांडणं नकला करून सांगायची. तोंड वाकडं झालेलं, तरी ही हसायची. चार वर्षं अंथरुणात, सिस्टर, आणि पाठीला एक फोड नाही. एक नाही. तुम्हाला कळेल हे काय आहे, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. आता सांगा, ती इन्चार्ज होऊन अलिबागला गेली असती तर? मी नवरा होतो, अधीक्षक नंतर. असं मी मनाला सांगायचो, पटायचंही.

एकदाच मागायला आली. पोस्ट बेसिकचा, दोन वर्षांच्या डिग्रीचा फॉर्म घेऊन, मुंबईला जायचं होतं. दारात उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना. म्हणाली, ‘डाक्टर, यंदा न्हाय गेलं तर माझं वय निघून जाईल.’ मी हसलो. हसलो आणि म्हटलं, जनीबाई, तुम्हाला डिग्रीची काय गरज, डिग्रीवाले तुमच्याकडे शिकायला येतात. तिला बरं वाटलं असावं, नाही, मला वाटलं तिला बरं वाटलं. फॉर्म घडी करून पर्समध्ये घातला आणि संध्याकाळी रोजच्यासारखी हिची पाठ पुसायला आली. पुसताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, ते मी पाहिलं होतं. ही मात्र माझ्याकडे बघत राहिली, कितीतरी वेळ. वाचा नव्हती तिला, तेव्हा काय म्हणायचं होतं ते मी ठरवू शकत नाही. बरं झालं असंही वाटतं कधी.

नाही, तुमचं बरोबर आहे, हिच्यासाठी केलं, माणूस करतो. तुमचा चेहरा तेच म्हणतोय. तसं म्हणू नका पण. ही गेली त्यानंतर दोन मार्च आले. दोन अहवाल. घरी पुसायला पाठ नव्हती, जनी यायची बंद झाली होती, आणि मी दोन्ही वेळा तेच लिहिलं — सध्याच्या पदावर अपरिहार्य. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मुलालाही नाही. का लिहिलं? बदललं असतं तर बाळाजींना कळलं असतं ना, आधीची चार वर्षं काय होती ते. एका क्लार्कला कळू नये म्हणून. बाकी काही नाही. एवढं शिकून माणूस इतका लहान राहू शकतो, हे — असो. एकूण सहा. त्यानंतर माझी बदली झाली, पण तोवर तिचा नंबर कधीच मागे पडला होता.

ती स्टाफ नर्स म्हणूनच निवृत्त झाली. त्यानंतर एक दिवस आली इथे, याच खोलीत, तुम्ही बसलायत तिथेच बसली. हातात त्या सहा अहवालांच्या नकला, आता मागितल्या की मिळतात. मी ओळखलं आणि चहा ठेवायला उठलो, ती बसा म्हणाली. रागाने नाही. ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ह्या शब्दाचा अर्थ काय. मी मराठीचा माणूस, मी अर्थ सांगितला, ज्याच्यावाचून चालत नाही असा. तिने मान हलवली, म्हणाली, ‘मी घरी बसले त्याला आठ महिनं झालं डाक्टर. वार्ड चाललाय की.’

एवढंच. कागद व्यवस्थित घडी करून उठली. जाताना माझ्या पायाकडे बघितलं, म्हणाली टाचेला भेग दिसते, तेल लावत जा, उघडे फिरू नका. मी ऐकलं नाही, ते तुम्ही निस्तरताय. माफी मागायला बंदरावर जायचं म्हणून दोनदा रिक्षा बोलावली आणि दोनदा परत पाठवली, काय बोलायचं ते शब्दच जुळेनात. मग गेल्या नारळी पुनवेनंतर तिचा भाऊ दीपेश भेटला बाजारात, म्हणाला, ताई गेली, पंधरा दिवस झाले, तुम्हाला कळवायचं राहिलं. राहिलं म्हणाला. चांगला मुलगा आहे.

तर आठ दिवस फॉर्म का ठेवला. तुम्हाला वाटेल, या सगळ्याने मन जड झालं असेल सरांचं. तसं असतं तर बरं होतं. ठेवला कारण पहिल्याच दिवशी मनात आलं की तुम्ही पनवेलला गेलात तर माझ्या पायाचं काय. सगळ्यात आधी तेच आलं, जनी नंतर आठवली. आणि आत्ता, आत्तासुद्धा, ड्रेसिंग केव्हाच झालंय आणि मी बोलतोय, बोलतोय — घड्याळात बघा. साडेअकरा. मी मुद्दाम नाही बसवून — मुद्दाम नसेल, मला खरंच सांगता येत नाही.

द्या इकडे पेन. स्तुती नाही लिहीत. ‘वरच्या लेव्हलसाठी पात्र. ताबडतोब पाठवावे.’ झालं. सही, तारीख. वाचून बघा, दुसरा अर्थ निघत नाही ना? नीट बघा, माझ्यावर विसंबू नका. उद्यापासून इथे येऊ नका, ड्रेसिंगला कोण ते मी बघतो, नाही बघितलं तरी तो माझा प्रश्न. नको, पाणी नको. ट्रे राहू दे तिथेच. सिस्टर, उठा. मी मागून हाक मारीन कदाचित, काहीतरी निमित्त काढून, मला सवय आहे — वळू नका. जा.