सोफ्यावरचा टाइम-आउट

...आणि मला म्हणे, सोफ्यावर बसा! अहो, बावीस वर्षं कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कोच होतो मी, बावीस वर्षांत बाकावर धड बावीस मिनिटं टेकलो नाही, आणि आता क्रीडा संचालक केलं म्हणून काय माझे गुडघे बदलले? पण प्राचार्य... घसा खाकरून, "सर, आता पदाची शान राखायची, सोफ्यावर बसायचं!" घरी बायकोचं तेच, "आता तरी चारचौघांत ओरडू नका हो." बरं म्हटलं. बसलो!

तुम्हाला सांगतो, फायनल! ज्या कपापायी मी बावीस वर्षं घसा फोडला, पाच वेळा फायनलला जाऊन पाचही वेळा हात हलवत परत आलो, तोच कप! आता कोच कोण? माझीच जुनी कॅप्टन. शेवटचं दीड मिनिट, आम्ही एका गुणाने पुढे, समोरच्या मुली नुसत्या अंगावर येतायत, आमच्या पार भांबावलेल्या... अगं, टाइम-आउट घे की! घेईना! कधी उठलो, हातातला पुष्पगुच्छ पाहुण्यांच्या मांडीवर कधी टाकला, देव जाणे... दोन्ही हातांचा टी करून ओरडलो, "टाइम-आउट!"

आणि स्कोअरच्या टेबलावरच्याने दिला ना! त्याचीही बावीस वर्षांची सवय, माझे हात दिसले की भोंगा दाबायचा! खेळ ठप्प. रेफ्री धावत आला, "आपण कोण?" म्हटलं, क्रीडा संचालक! "मग बाहेर व्हा!" अख्ख्या हॉलसमोर! आणि मला म्हणे, सोफ्यावर बसा!

पण त्या गोंधळात मुलींना दम खाता आला, माझ्या त्या जुन्या कॅप्टनने चार शब्द सुनावले... मी बाहेर, दाराला कान लावून. चेंडूची धपधप... शिट्टी... आणि मग काय ती आरोळी! जिंकलो हो, जिंकलो! रडलो मी, सरळ सांगतो, दार धरून रडलो. त्यात कप द्यायचा संचालकांच्या हस्ते, आणि संचालकांनाच हॉलबंदी! मग मुलींनी कप बाहेर आणला, माझ्या हातात दिला, मी परत त्यांच्या हातात दिला. झाला समारंभ!

दुसऱ्या दिवशी रेफ्रीची तक्रार हजर. प्राचार्य म्हणाले, "नियमाप्रमाणे क्रीडा संचालकांनी संबंधिताकडून खुलासा मागवावा." मागवला! मीच, माझ्याकडून, तीन दिवसांच्या आत. चांगला दोन पानी लिहिला, सही ठोकली, टेबलाला वळसा घालून खुर्चीत जाऊन बसलो, चष्मा लावून वाचला... आणि तुम्हाला सांगतो, मलाच पटला नाही!