समुद्रघोड्यांची टाकी

तुम्हाला सांगते, समुद्रघोड्यांसाठी मी मुद्दाम उंच टाकी घेतली, त्यांना शेपटीने धरून राहायला फांद्या लावल्या आणि पाण्याचा झोत मंद ठेवला. दुकानदार रोज फोन करी, "मॅडम, जोडी पाठवू का?"

"खारे पाणी अजून मुरलेले नाही. सहा आठवडे थांबा."

पाचव्या आठवड्यात माझा जुना विद्यार्थी भेटायला आला. तो कळवणला वनखात्यात आहे. टाकी पाहून त्याने कप खाली ठेवला.

"बाई, समुद्रघोडे पाळायला कायद्याने बंदी आहे. आणलेत का?"

"नाही."

"सुटलात. नाहीतर कारवाई करावी लागली असती."

"माझ्यावर केली असतीस?"

"केली असती, बाई."

इतके स्वच्छ उत्तर त्याने वर्गात कधी दिले नव्हते. मी पुन्हा चहा टाकला.