तीसपैकी एकवीस

—नाही मॅडम, ते एकवीस माझे नाहीतच. परवा तुमच्या सिस्टरचा फोन आला, ‘दीदी, फॉर्म में इक्कीस आया है, मॅडम बुला रही हैं’, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही, की आता तुम्हाला सांगू काय. मी शून्य लिहिलं होतं. दहा प्रश्न, दहाही शून्य. इतका स्वच्छ पेपर मी बी.एस्सी.लाही नाही दिला. हसून नका राहू.

चूक तुमचीच आहे तशी. बाळंतपणानंतर मन कसं आहे ते विचारणारा कागद, आणि म्हणता, घरून भरून आणा. आमच्या घरी? सासूबाई गढा मोहल्ल्यातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेल्या – कागद दिसला की लाल पेन उघडतेच. चष्मा दुरुस्तीला, त्यामुळे प्रश्न काही वाचले नाहीत. उत्तरांसमोरचे शून्य, एक, दोन, तीन तेवढे दिसले. त्यांना वाटलं मार्क; इथे आकडा वाढला की मन बिघडलं म्हणतात, हे त्यांना काय माहीत. ‘मेघना, तीसपैकी शून्य? काहून, आपल्या घरची सून नापास?’ – अन् बसल्या वाढवत. तेही पूर्ण तीस नाही हं, डॉक्टरला कॉपी वाटेल म्हणून. दहाव्यावर मात्र मी हात ठेवला, जिवाचं काही करून घ्यावंसं वाटते का, तो. म्हटलं, आई, इथलं शून्य राहू द्या, हे खरं आहे. म्हणजे – बाकीचेही खरेच होते.

मग खोडले काहून नाही? अच्छा, हे विचारायला सासूबाईंना बाळाचं वजन करायला पाठवलं होय. खोडणार होते न. पेन घेऊन बसलेही. एकेक वाचत गेले, अन् – वेळच नाही मिळाला. बाळ रडलं.

आता हेच पाहा, तिसरा. ‘विनाकारण स्वतःला दोष देते’ – दोन. विनाकारण कुठे? कारणं असतात की. दूध पुरत नाही, या मोठीची वेणी राहते, वरणाची फोडणी जळते. चौथा, ‘उगाच काळजी वाटते’ – तीन. उगाच कशी? बाळ श्वास घेते का नाही, ते तर पाहावंच लागते. नाकाखाली बोट धरते मी. सगळ्याच आया धरतात, तुमच्याकडे तर रोज येत असतील. किती वेळा? पाच-सहादा. दिवसातून नाही, तासातून. अन् मग सातव्यात विचारता, झोप का येत नाही. बोट धरून कोणी झोपते का, तुम्हीच सांगा.

चलो, माझं सोडा. हिला विचारा. ही मैत्रेयी, माझी मोठी, चार वर्षांची, अजून खोटं बोलायला शिकली नाही. सांग बेटा मॅडमना, आई घरी मजेत असते न? हसते न तुझ्याशी? – अगं, दाराकडे काय पाहून राहिली? बाळ आजीजवळ आहे, येतेच ती वजन करून. इकडे पाहा. बोल.

“आई, आता माझी पाळी होती न? बाळाच्या नाकाखाली कोण बोट धरून राहिलं?”