जावयाच्या बाटलीला मार्क

चहा घ्या, तोवर जावयाच्या बाटलीचं सांगते. नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचा जावई अमेरिकेहून देवळालीला आला, तो तिकडची कडक दारू घेऊन. म्हणाला, "एका वेळी थोडीच गाळतात ही, म्हणून भारी. चाखा आणि दहापैकी मार्क द्या."

माझ्या दिरानं घोट घेतला आणि ठसक्यानं लालबुंद झाला. "शून्य! स्पिरिट हाय हे, डोळे जातील. मोरीत वता!"

जावयाचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हटलं, "थांबा." दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, वास घेतला. "स्पिरिट उडालं की मागं काय ऱ्हात न्हाई. हिचा गुळासारखा वास ऱ्हायलाय, आन् जळक्या लाकडाचा."

जावई ओरडला, "सासूबाई, आतून जाळलेल्या लाकडी पिंपातच मुरवतात ही!"

दीर नरमला. "मंग वहिनी, मार्क किती?"

"आठ. दहा फकस्त माझ्या बापाच्या भट्टीला."

आमचे हे ताडकन उठले. "भट्टी? तुझा बाप माळकरी हुता म्हनलीस ना लग्नात!"

"हुताच की! जन्मात थेंब तोंडाला लावला न्हाई. म्हनून तर हातावर चोळून पारख करायचा, आन् मलाबी तेच शिकवलं."