उसना गोलकीपर

माझं नाव दत्ताराम, गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. बापूस मच्छीवाल्यांच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला, म्हणून मी पण पोरवयापासनं बर्फातच, लाद्या ओढायच्या, वर भुसा टाकायचा, होडीवर चढवायच्या, आणि ओल्या बर्फावर पाय कसा टाकायचा ते मला कोणी शिकवलं नाही, ते आपसूक आलं. सत्तरीच्या सालात गावात जो तो गल्फचं बोलायला लागला तेव्हा आमच्याच एका पाव्हण्यानं मला बहारीनला लावलं, तिथं पण बर्फाचाच कारखाना. बर्फाच्या कामाला जातोय म्हणून आवशीनं आणि शेवंतीनं, म्हणजे माझी आई आणि माझी बायको, दोघींनी मिळून गोधडी शिवली, आवशीची जुनी लुगडी आणि शेवंतीचं एक पातळ, आणि काय सांगू तुम्हाला, ती गोधडी घेऊन मी त्या भट्टीत उतरलो. गुदैबिया म्हणून वस्ती, तिथं आमची खोली, सगळे आपल्याच बाजूचे, ते हसून हसून लोळले. इथं माणसं ओला टॉवेल घेऊन झोपतात आणि हा गोधडी घेऊन आला. मी म्हटलं हसा, कामाला येईल.

आणि आलीच कामाला, पण ते पुढं. ऐंशीच्या सालात तिथं एक हॉल उभा राहिला, बाहेर ऊन रणरणतंय आणि आत जमीन म्हणजे बर्फ, त्यावर लोक खाली पातं लावलेले बूट घालून घसरायचे. मला बर्फातलं कळतं म्हणून तिथं घेतला, बर्फ खरवडायचा, वर गरम पाणी सोडायचं, परत गोठवायचं. शुक्रवारी सकाळी गोऱ्यांची आइस हॉकी. बँकवाल्यांची एक टीम, तेल कंपनीची एक, जहाज दुरुस्तीवाल्यांची एक. आपल्या हॉकीसारखीच, पण बॉलच्या जागी रबराची काळी चकती, ती पण माझ्याच बर्फाच्या खोलीत गोठवून ठेवायची, म्हणजे दगडच. एका शुक्रवारी बँकवाल्यांचा गोलकीपर आला नाही, आणि हॉलचा मॅनेजर म्हणाला दत्ता तू उभा राहा, यल्ला, म्हणजे चल लवकर. मी म्हटलं साहेब मला खेळता येत नाही. तो म्हणाला खेळायचं नाही, आडवं यायचं. आता आडवं यायला काय, तेवढं येतं माणसाला.

तसा मी गोलकीपर झालो, बरं का, आणि चांगला झालो. मॅनेजरनं ती माझी ड्युटीच करून टाकली. ज्या टीमला माणूस कमी त्या टीमनं दत्ताला न्यायचं, त्यांची जर्सी घालायची, त्यांच्यासाठी मार खायचा, पुढच्या शुक्रवारी दुसऱ्यांची जर्सी. अंगावरचं चिलखत सगळं धिप्पाड माणसाच्या मापाचं, माझ्या छातीवर ते लोंबायचं, मधी ही एवढी पोकळी, चकती लागली की आत आपटायचं आणि श्वासच जायचा. मग एके दिवशी मी गोधडी काढली, मधनं छातीएवढी कापली आणि आत भरली. आवस तोवर गेली होती. खरं सांगतो, चकती छातीवर आदळली की वाटायचं आवस मधी येऊन उभी राहिली. हे मी कोणाला बोललो नाही, आज तुम्हाला बोलतोय.

पुढं शेवंती आली बहारीनला, तिला व्हिसा मिळाला तेव्हा मी खोलीवाल्यांना पार्टी दिली. आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, गोधडी खंय? काढून दिली, तर मधी हे भोक. ह्यां काय केल्यात, आयेच्या लुगड्याक कात्री लावल्यात? मी म्हटलं एकदा येऊन बघ तरी का कापली ती.

आली. माझा स्वेटर घालून, डोक्यावरनं पदर, बाकावर बसली. आणि नेमकी त्याच दिवशी कपाची मॅच, आणि असं झालं की मी बँकवाल्यांकडनं खेळत होतो, आम्ही पुढं होतो, आणि मधल्या सुट्टीच्या तोंडावर तेलवाल्यांच्या गोलकीपरचा हात मोडला. बँकवाल्यांचा स्वतःचा गोलकीपर तोवर उशिरानं येऊन बसला होता. मग काय, मॅनेजर म्हणाला दत्ता, तिकडं जा. जर्सी बदलली, पलीकडच्या गोलात उभा राहिलो, आणि मघाशी ज्यांच्यासाठी आडवा येत होतो तेच आता माझ्यावर मारायला लागले. हरलो. बँकवाल्यांना कप मिळाला. फोटोला सगळे ओळीनं उभे राहिले आणि कप्तानानं कॅमेरा माझ्या हातात दिला. वाईट नव्हता हो तो माणूस, नेहमीच द्यायचा. कुठलीही टीम जिंको, फोटो मीच काढायचा, पायाला ते जाड पॅड बांधलेले तसेच.

घरी आल्यावर शेवंतीनं चहा टाकला आणि म्हणाली, आधी तेंच्यासाठी मार खाल्ल्यात, मगे ह्यांच्यासाठी, मगे तुमची टीम खंयची? मला हसू आलं आणि मग एकदम रडूच आलं. कारण तेच मला इतकी वर्षं खात होतं. सगळ्यांचा होतो मी, पण आपला म्हणून कोणी हाताला धरून ओळीत उभा केला नाही. तिनं पाठीवर हात ठेवला आणि चहा गाळला.

मग गुडघा गेला. मॅनेजर म्हणाला खलास दत्ता, आता फक्त बर्फ बघ. जर्स्या होत्या पिशवीत भरलेल्या, घामानं कडक झालेल्या, कुठल्या टीमनं परत मागितल्या नाहीत. मी म्हटलं टाकून दे. शेवंतीनं त्या तीनदा धुतल्या, गॅलरीत वाळवल्या, अख्खा उन्हाळा एसीखाली बसून सुई चालवली. मला वाटलं पायपुसणी करते. तर गोधडीच्या त्या भोकात बँकवाल्यांची निळी, तेलवाल्यांची लाल, जहाजवाल्यांची पिवळी, अशी तुकडे तुकडे जोडून बसवली, आणि अगदी मधी माझ्या छातीवरचा तो आवशीच्या लुगड्याचा तुकडा, मार खाऊन वीतभर उरलेला, परत लावला. माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, ही तुमची टीम.

आता गावातच असतो. गुडघा थंडीत ठणकतो, त्यावर हीच गोधडी. रंग उडाले, पण टाका एक उसवला नाही. देवानं कमी काही केलं नाही, तुमचं पण तो बरं करो, इतक्या लांबनं ऐकायला आलात.

काय, फोटो काढायचा म्हणता? काढा की. पण थांबा जरा, मी एकटा नको. शेवंती, अगो हात पूस आणि बाहेर ये, हे टोक तुझ्या मांडीवर घे. टीमचा फोटो काढतायत.